गाठ चमकली म्हणजे कॅन्सर नव्हे

रविवारची वंदना आटोपली. बायका विहाराच्या दारात चपला शोधत होत्या. एक आई आम्हाला हाताला धरून बाजूला घेऊन गेली. पदराखाली एमआरआयचे मोठे पाकीट होते. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, पोरीला चौथी स्टेज निघाली. कुणाला बोलू नका, सोयरीक ठरलीय."

पोरगी एकवीस वर्षांची. तिच्या स्तनात बोराएवढी गाठ होती आणि बोट लावले की ती सरकत होती. बचत गटातून कर्ज काढून एमआरआय केला होता. आम्ही रिपोर्ट उघडला. त्यात स्टेजचा शब्दच नव्हता. शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स ४' असे लिहिले होते. वर 'गाठ काँट्रास्टने ठळक चमकते' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. सेंटरवर कुणीतरी घाईत 'चार नंबर आलाय, मोठ्या डॉक्टरला दाखवा' एवढेच सांगितले होते. चाराची चौथी स्टेज घरी येईपर्यंत झाली. त्या घरात आठ दिवस नीट चूल पेटली नव्हती.

पुढे सरकारी दवाखान्यात जाड सुईने तुकडा काढला. निदान आले फायब्रोअॅडेनोमा. साधी गाठ. कॅन्सर नाही.

त्याच महिन्यात दुसऱ्या वस्तीतल्या एक मावशी भेटल्या. वय अठ्ठावन्न. त्यांच्या रिपोर्टात नेमके उलटे होते. गाठ काळी दिसते आणि काँट्रास्टने चमकत नाही. मावशींनी त्याचा अर्थ लावला, "आतून सडली असेल, म्हणून काळी पडली." त्यांच्याही गाठीचे निदान फायब्रोअॅडेनोमाच होते.

एकच आजार, एकच यंत्र. एकीची गाठ पांढरीशुभ्र चमकली आणि दुसरीची काळी राहिली. भ्यायल्या मात्र दोघीही. हे का होते ते समजून घेतले तर वस्तीतल्या कितीतरी घरांची झोप वाचेल आणि पैसेही वाचतील. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

यंत्र काय पाहते?

एमआरआय म्हणजे एक मोठे चुंबक. त्यात एक्स-रे नसतो. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर असते आणि दोन्हींत हायड्रोजनचे अणू असतात. चुंबक त्या अणूंना एका रांगेत आणते, रेडिओ लहरी त्यांना हलवतात आणि ते परत जागेवर येताना बारीक संदेश सोडतात. त्या संदेशांवरून संगणक चित्र तयार करतो. म्हणजे हे यंत्र कॅन्सर पाहत नाही. कुठे पाणी जास्त आहे, कुठे चरबी आहे आणि कुठे घट्ट धागे आहेत, एवढेच ते पाहते. त्यावरून आजाराचा अंदाज माणसाला बांधावा लागतो.

चित्रेही अनेक प्रकारची काढतात. त्यातल्या 'टी-टू' प्रकारात पाणी पांढरे दिसते. जिथे पाणी कमी आणि धागे जास्त, तो भाग काळपट दिसतो.

मग शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. बोलीभाषेत आपण त्याला काँट्रास्ट किंवा रंगाचे इंजेक्शन म्हणतो. ते रक्तातून गाठीपर्यंत जाते आणि बारीक रक्तवाहिन्यांतून आसपासच्या ऊतीत झिरपते. गाठीत रक्तवाहिन्या जास्त आणि आतली ऊती सैल असेल, तर ती भरपूर चमकते. रक्तवाहिन्या थोड्या आणि आत घट्ट धागे असतील, तर ती चमकत नाही. इंजेक्शननंतर काही मिनिटे पुन्हा पुन्हा चित्रे घेतात, कारण चमक किती लवकर आली आणि किती वेळ टिकली हेही पाहायचे असते.

शहाळे, नारळ आणि खोबरे

फायब्रोअॅडेनोमा ही तरुण मुलींत सर्वाधिक आढळणारी साधी गाठ आहे. ती दोन गोष्टींची बनलेली असते. एक म्हणजे दुधाच्या नळ्यांचे अस्तर. दुसरी म्हणजे त्या नळ्यांना आधार देणारी धागेदार ऊती, तिला डॉक्टर स्ट्रोमा म्हणतात. एमआरआयमध्ये गाठ कशी दिसेल हे बरेचसे या स्ट्रोमावर ठरते.

नारळाचेच पाहा. शहाळ्यात पाणी भरपूर आणि मलई लुसलुशीत असते. तोच नारळ पिकला की पाणी कमी होते आणि खोबरे घट्ट होते. आणखी जुना झाला की सुके खोबरे उरते, आत पाण्याचा थेंब नसतो. फळ तेच, पण वयाप्रमाणे आतली रचना बदलली.

गाठीचेही साधारण असेच असते. तरुण वयातल्या गाठीचा स्ट्रोमा बहुधा सैल, ओलसर आणि पेशींनी भरलेला असतो. पाणी जास्त म्हणून टी-टू चित्रात ती पांढरी दिसते. रक्तपुरवठा चांगला म्हणून काँट्रास्टनेही चमकते. एकवीस वर्षांच्या त्या पोरीची गाठ शहाळ्यासारखी होती. ती चमकली यात काहीच आश्चर्य नव्हते.

पाळी बंद झाल्यानंतर गाठीतल्या पेशी आणि रक्तवाहिन्या कमी होत जातात आणि धागे घट्ट होतात. काही गाठींत कॅल्शियम साचते. मॅमोग्राफीच्या फिल्मवर ते मक्याच्या लाह्यांसारखे ठोकळ दिसते. अशी गाठ एमआरआयमध्ये काळी राहते आणि काँट्रास्ट फारसा घेत नाही. मावशींची गाठ सुक्या खोबऱ्यासारखी झाली होती. ती सडली नव्हती, जुनी झाली होती.

आणखी एक खूण आहे. मोसंबीची फोड सोलली की आत पांढरे पापुद्रे दिसतात. काही फायब्रोअॅडेनोमांत तसेच घट्ट धाग्यांचे पडदे असतात. बाकीची गाठ चमकते, पडदे मात्र काळे राहतात. गोल किंवा अंडाकृती आकार, गुळगुळीत कडा आणि आत असे काळे पडदे दिसले की डॉक्टरांचा कल साध्या गाठीकडे जातो. पण प्रत्येक साध्या गाठीत हे पडदे दिसतीलच असे नाही.

इतर साध्या गाठींनाही हाच नियम लागू होतो. पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, टी-टूवर लख्ख पांढरी दिसते, पण तिच्या आत काँट्रास्ट शिरत नाही. चरबीची गाठ सगळ्या चित्रांत शेजारच्या चरबीसारखीच दिसते. मार लागून चरबी खराब झाली तर तिथे कधी कॅन्सरसारखाच आकार दिसतो, पण आत चरबी सापडली की खुलासा होतो. दुधाच्या नळीतला पॅपिलोमा बहुधा साधाच असतो, पण त्याचा रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो झटकन चमकतो आणि डॉक्टरांनाही विचारात पाडतो.

मग चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही?

ठेवायचा, पण त्याची मर्यादा ओळखून. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात क्रिस्टियाने कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६६ गाठींचा अभ्यास केला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. काँट्रास्टची चमक पहिल्या उसळीनंतर हळूहळू वाढत राहते, एका पातळीवर थांबते की झटकन ओसरते, हे त्यांनी पाहिले. साध्या गाठींपैकी ८३ टक्क्यांत चमक हळूहळू वाढत राहिली. कॅन्सरच्या गाठींपैकी ५७ टक्क्यांत ती झटकन ओसरली. म्हणजे या खुणेचा उपयोग नक्की आहे.

पण याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. साध्या गाठींपैकी साडेपाच टक्के गाठी कॅन्सरसारख्या वागल्या. कॅन्सरच्या गाठींपैकी जवळपास ९ टक्के गाठी साध्या गाठीसारख्या वागल्या. चित्र दोन्ही बाजूंनी फसवू शकते.

ते का फसवते याचे उत्तरही आतल्या रचनेतच आहे. कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की त्याच्या गाठीत चिकट, पाणीदार पदार्थ भरलेला असतो. त्याला म्युसिनस कॅन्सर म्हणतात. आत पाणी म्हणून तो टी-टूवर पांढरा दिसतो, कडाही गुळगुळीत असू शकतात. वरवर पाहिले तर शहाळेच. फिलॉइड्स नावाची गाठ तर फायब्रोअॅडेनोमाची जुळी बहीण वाटावी अशी दिसते. ती बहुधा साधी असते, पण भराभर वाढते आणि नीट काढली नाही तर पुन्हा उगवते. तिचे काही प्रकार घातकही असतात.

पाण्याचे कण ऊतीत किती मोकळे फिरतात हे पाहणारे एक वेगळे चित्रही एमआरआयमध्ये काढतात. कॅन्सरमध्ये पेशींची दाटी असते, म्हणून पाण्याला हलायला जागा नसते. ओलसर फायब्रोअॅडेनोमात पाणी मोकळे फिरते, त्यामुळे फरक कळतो. पण जुन्या, धाग्यांनी घट्ट झालेल्या फायब्रोअॅडेनोमातही पाण्याला जागा नसते. तिथे हे चित्रही गोंधळात टाकते.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. पांढरी म्हणजे वाईट नाही आणि काळी म्हणजे चांगली नाही. चमकली म्हणजे कॅन्सर नाही आणि चमकली नाही म्हणजे सुटका झाली असेही नाही. चित्र गाठीची रचना सांगते. शेवटचा शब्द तुकड्याचा, जो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो.

चार नंबर म्हणजे चौथी स्टेज नव्हे

बायरॅड्स ही रिपोर्ट लिहिण्याची पद्धत अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने, बसवली. पहिली आवृत्ती १९९३ ची. त्यातले आकडे असे वाचायचे:

० – माहिती अपुरी, आणखी तपासणी हवी.
१ – काही आढळले नाही.
२ – साधी गोष्ट आहे, काळजी नाही.
३ – बहुतेक साधीच. कॅन्सरची शक्यता १०० त २ किंवा त्याहून कमी. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे.
४ – शंका आहे, तुकडा काढून पाहा. ही शंका अगदी थोडीही असू शकते आणि मोठीही.
५ – कॅन्सरची दाट शक्यता. तुकडा लगेच काढायचा.
६ – कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे.

स्टेज ही वेगळी गोष्ट आहे. कॅन्सर सिद्ध झाल्यावर तो किती पसरला हे स्टेज सांगते. कॅन्सरच सिद्ध नसेल तर स्टेज कुठून येणार? हा एवढा फरक त्या आईला कुणी दोन मिनिटे बसून सांगितला असता, तर ते आठ दिवस त्या घरावर आले नसते.

आमचे मत

पहिली गोष्ट, प्रत्येक गाठीला एमआरआय लागत नाही. तरुण मुलीच्या गाठीसाठी आधी डॉक्टरांच्या हाताची तपासणी, मग सोनोग्राफी आणि गरज वाटली तर सुईची तपासणी, हा सरळ रस्ता आहे. वय चाळिशीच्या पुढे असेल तर त्यात मॅमोग्राफी येते. बहुतेक गाठींचा निकाल इथेच लागतो. एमआरआय कामाचा आहे, पण ठरावीक जागी: घरात आई, बहीण, मावशी अशा अनेकींना कॅन्सर झाला असेल किंवा जनुकाचा दोष सापडला असेल, कॅन्सर सिद्ध झाल्यावर तो किती भागात आहे हे पाहायचे असेल, किंवा बाकीच्या तपासण्यांचा मेळ बसत नसेल तेव्हा. 'मोठी मशीन म्हणजे पक्का निकाल' ही समजूत आपण सोडली पाहिजे. त्या पोरीच्या घराने कर्ज काढून जे चित्र घेतले, त्यानेही शेवटी तुकडाच काढायला सांगितले.

दुसरी गोष्ट, हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांना घेऊन वीस वर्षे अभ्यास केला. साधारण निम्म्या बायकांची स्तनतपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली, अशा चार फेऱ्या झाल्या. या बायकांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंवर असा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्या वस्त्यांत मशीन पोहोचत नाही तिथे शिकवलेला हात पोहोचू शकतो, हे या अभ्यासाने दाखवले.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. रिपोर्ट समजावून सांगणे हा उपकार नाही, तो उपचाराचाच भाग आहे. आम्ही स्वतः वॉर्डात आणि ओपीडीत वर्षानुवर्षे काम केले आहे. तिथली गर्दी आम्हाला माहीत आहे. एका टेबलावर शंभर पेशंट असतात, डॉक्टरला मान वर करायला वेळ नसतो. आणि खरे सांगायचे तर आम्हीही तेव्हा कितीतरी बायकांच्या हातात नुसते पाकीट ठेवून 'पुढच्या खिडकीवर जा' म्हटले आहे. त्या पाकिटातले इंग्रजी घरी जाऊन काय रूप घेते, हे आम्हाला नोकरी सोडून वस्तीत फिरू लागल्यावर कळले. नववीतला मुलगा मोबाईलवर एकेक शब्द शोधतो, शेजारीण स्वतःच्या नणंदेची गोष्ट सांगते आणि रात्रीपर्यंत घरात मरणकळा पसरते. किंवा उलट होते. 'साधीच असेल' म्हणून पाकीट गादीखाली जाते आणि बाई वर्षभराने येते तेव्हा खरोखर उशीर झालेला असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तपासणीच्या रिपोर्टाबरोबर चार ओळी मराठीत मिळाव्यात: काय दिसले, त्याचा अर्थ काय, पुढे काय करायचे आणि किती दिवसांत. डॉक्टरला वेळ नसेल तर हे काम शिकवलेली नर्स करू शकते. त्यासाठी नवे मशीन लागत नाही.

तोपर्यंत आपण काय करायचे?

रिपोर्ट हातात आला की न लाजता विचारा:

"डॉक्टर, गाठीचा आकार आणि कडा कशा आहेत?"
"बायरॅड्सचा आकडा किती आणि त्याचा अर्थ काय?"
"हाताला लागलेली गाठ, सोनोग्राफी आणि एमआरआय, तिन्हींचा मेळ बसतो का?"
"तुकडा काढायचा आहे का? नसेल तर पुन्हा कधी दाखवायचे?"
"एमआरआय सांगत असाल, तर त्याने पुढच्या उपचारात काय बदलणार आहे?"

शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. पण कर्ज आपण काढणार आहोत, म्हणून तो विचारलाच पाहिजे.

एमआरआय करायचाच असेल तर काही गोष्टी आधी सांगा: शरीरात पेसमेकर, कानातले यंत्र किंवा ऑपरेशनची क्लिप आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, दिवस गेले आहेत का. पाळी येत असेल आणि घाई नसेल, तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यानची तारीख मागा. इतर दिवसांत निरोगी स्तनही जास्त चमकतो आणि चित्र गोंधळाचे येते. खर्चासाठी सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. जुन्या सगळ्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा, कारण गाठ बदलली का हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. सुई नाकारून निदान लांबवणे हाच खरा धोका आहे. आणि काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका: गाठ भराभर वाढते आहे, ती सरकत नाही, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आहे, बोंड आत ओढले गेले आहे, बोंडातून रक्त येते आहे, काखेत गाठ आली आहे. वय वीस असो की सत्तर.

त्या पोरीचे लग्न ठरल्या तारखेला झाले. गाठ काढली नाही, डॉक्टरांनी सहा महिन्यांनी दाखवायला सांगितले आहे. लग्नाच्या मांडवात तिच्या आईने आम्हाला पुन्हा हाताला धरून बाजूला नेले. "ताई," ती म्हणाली, "शेजारच्या वहिनीला पण गाठ आहे. ती कुणाला सांगत नाही. मी तिला घेऊन येऊ का?"

आम्ही म्हटले, "जरूर आणा. आणि येताना तिचे सगळे कागद आणा."